याद, मेहर आणि करारनामा

आपल्याकडे लग्न ठरले म्हणजे याद होत असे. कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावावयाचे, माथ्यावर ‘श्री’ काढावयाचा, आणि मग कलमवार लिहावयाचे: दागिने किती तोळ्यांचे, पोषाख काय, मानपान कोणाकोणाचा, जेवणावळी किती आणि त्या कोणाच्या खर्चाने. खाली दोन्ही यजमानांच्या सह्या होत, आणि मग सुपारी फुटे. पुष्कळ घरांतून हुंड्याचा आकडाही त्यातच असे. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला, तेव्हा तो आकडा कागदावरून उठला आणि पुष्कळांच्या तोंडात मात्र राहिला.

ही आठवण मुद्दाम काढली. कारण ‘विवाहपूर्व करार’ हा शब्द हल्ली कोणी उच्चारला की आपली वडीलधारी मंडळी ‘हे आपल्यात नाही’ म्हणून तो विषय बाजूला सारतात. लग्नाआधी कागद करणे आपल्यात होते. फक्त, ज्यांचे लग्न त्यांची त्या कागदावर सही नसे. शिवाय लग्नात कोणी काय द्यावे हे त्यात बारकाईने लिहिलेले असे. पुढे संसारात कोणाचे काय राहील ह्याविषयी मात्र अवाक्षर नसे. ते साहजिकच होते. मुलीजवळ दागिन्यांखेरीज स्वतःचे असे काही नसे. आता तसे राहिलेले नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा आंध्र प्रदेशाने १९८६ सालच्या कायद्याने दिला, महाराष्ट्राने १९९४ साली, आणि साऱ्या देशाने २००५ साली. मुली कमावत्या झाल्या ते वेगळेच. तेव्हा आज नवरी घर घेऊन येते, आणि नवरा कधी कधी कर्ज घेऊन येतो. जुन्या यादीत ह्या दोहोंना जागा नव्हती.

हा प्रश्न यंदा माझ्या चुलतभावाच्या घरी आला. हिमायतनगरात आमच्या काकांनी एक बैठे घर बांधले होते. पुढे अंगण, मागे आंब्याचे झाड. त्या भागातल्या इतर घरांचे झाले तेच त्याचेही झाले. बिल्डरशी करार होऊन तेथे पाच मजली इमारत उभी राहिली, आणि भावाच्या वाट्याला तीन फ्लॅट आले. त्यांपैकी एक मुलीच्या नावाने करून द्यावा असा त्याचा विचार. मुलगी एकतीस वर्षांची, औषधांच्या कंपनीत नोकरी करणारी. मुलगा पुण्याचा. नोकरी सोडून त्याने एका मित्राच्या भागीदारीत बालानगरला यंत्रांच्या सुट्या भागांचा छोटासा कारखाना काढला आहे. दोघांनी एकमेकांना पसंत केले, घरच्यांनी होकार दिला, तिथी पाहून झाल्या. आणि एके दिवशी मुलाने वकिलाकडून लिहवून आणलेला चार पानी मसुदा तिच्या हाती ठेवला. ‘घर तुझे, कर्ज माझे, तेवढे लिहून ठेवू,’ असे त्याचे म्हणणे.

वहिनींना ते मुळीच रुचले नाही. ‘अक्षता पडायच्या आधीच मोडण्याची बोली कशाला?’ असे त्या म्हणाल्या. भावाचे मत उलट. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते. मुलगी मधल्यामध्ये अडकली. सही करावी तर आरंभालाच अविश्वास दाखविल्यासारखे होते, आणि न करावी तर आजोबांच्या घराचा हा तुकडा उद्या धंद्याच्या पोटात जाईल की काय ही धास्ती. माझे उभे आयुष्य बँकेत कर्जाचे कागद वाचण्यात गेले, म्हणून ती तो मसुदा घेऊन माझ्याकडे आली. ‘काका, सही करू की नको, एवढेच सांगा.’ एवढेच सांगणे मात्र सोपे नव्हते.

लग्नाआधी पैशाचे बोलणे अशुभ असते काय, हे प्रथम पाहू. ज्या हिमायतनगरात हा प्रश्न उभा राहिला, त्याला नाव ज्यांचे मिळाले ते शाहजादे आझम जाह, म्हणजे मीर हिमायत अली खान, सातव्या निजामांचे थोरले चिरंजीव. त्यांचा विवाह तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची कन्या दुर्रुशेहवार हिच्याशी १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस येथे झाला. त्याच वेळी धाकटे शाहजादे मुअज्जम जाह ह्यांचा विवाह निलोफर हिच्याशी झाला. मेहरच्या आकड्यावरून बोलणी पुष्कळ ताणली होती आणि मौलाना शौकत अली मध्ये पडले होते, असे सांगतात. मेहर म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यावयाचे धन. त्यातला काही भाग तत्काळ मागता येतो, काही मागाहून, म्हणजे तलाक झाल्यास किंवा पती वारल्यास. तो तिच्या बापाचा नव्हे, तिचा. ह्या शहरात आपण पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान शेजाऱ्यांच्या लग्नाला जात आलो. निकाहाच्या वेळी मेहरचा आकडा चारचौघांत सांगितला जातो, त्यावर सह्या होतात, आणि लगेच बिर्याणीची ताटे येतात. त्या आकड्याने अपशकुन झाला असे कोणाला वाटल्याचे मला स्मरत नाही. त्या दोन्ही शाही जोडप्यांची पुढे फारकत झाली हे खरे. निलोफरचा घटस्फोट १९५२ साली झाला. परंतु मेहर ठरल्यामुळे ते संसार टिकले नाहीत, तसे मेहरमुळे मोडलेही नाहीत.

आता आपल्या हिंदू घरांतच असा करार कोठे चालतो असे कोणी विचारील, तर उत्तर गोवा हे आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा तेथे १८७० पासून लागू झाला. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही विवाहातील मालमत्तेच्या बाबतीत त्याचाच अंमल राहिला आहे, आणि तो सर्वधर्मीयांना आहे. लग्नाआधी नोटरीपुढे जाऊन वधूवरांनी ठरवावयाचे की मालमत्ता एकत्र की वेगळी. काहीच ठरविले नाही तर दोघांची मालमत्ता एक होते आणि त्यात दोघांचा निम्मा निम्मा हक्क राहतो. एकदा लग्न लागले की मग ती व्यवस्था बदलता येत नाही. तेथली मराठी व कोकणी घरे हे दीडशे वर्षांपासून पाहत आली आहेत. लग्नाची शोभा त्यामुळे तेथे कमी झालेली नाही.

पण गोव्याची सीमा ओलांडली की चित्र पालटते. आपल्याकडे हिंदू विवाह हा संस्कार मानलेला, आणि विवाहपूर्व करारासाठी वेगळा कायदा नाही. तेव्हा अशा कागदाला १८७२ च्या करारविषयक कायद्याची कसोटी लागते. त्या कायद्याचे तेविसावे कलम म्हणते की सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार रद्दबातल होय. १९०१ साली कलकत्त्याच्या हायकोर्टात एक प्रकरण आले. लग्नाआधी जावयाने लिहून दिले होते की आपण सासूच्या घरीच राहू, बायकोला तेथून कधी नेणार नाही. पुढे त्याने तिला नेण्यासाठी दावा केला, आणि कोर्टाने तो लेख निरुपयोगी ठरविला. पत्नीने पतीजवळ राहावे हा धर्मशास्त्राचा नियम कोणाला खाजगी कागदाने मोडता येणार नाही, असे त्याचे तात्पर्य.

त्याच्याही आधीचे रखमाबाईंचे प्रकरण तर आपल्या मराठी मुलखातले. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. जावयाने सासरवाडीच्या आश्रयाने राहावे, शिकावे, चांगले निघावे, अशी तोंडी बोली झाली होती. ते घडले नाही. रखमाबाईंनी नांदावयास जाण्याचे नाकारले, आणि दादाजी भिकाजींनी १८८४ साली दावा लावला. १८८५ साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ साली त्यांना हुकूम झाला की नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करीन असे कळविले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. वडिलांच्या बोलीचा मात्र त्या मुलीला कोर्टात काडीचा उपयोग झाला नाही.

इतके ध्यानात घेऊन मी तो मसुदा वाचावयास घेतला. त्यात मुख्य कलमे चार होती.

चौथ्यापासून आरंभ केला, कारण ते सोपे. लग्नानंतर बिऱ्हाड हैदराबादेतच राहील, असे ते कलम. एकमेकांना शब्द म्हणून ते छान आहे. पण कोर्ट ते बजावून देईल अशा भरवशावर कोणी राहू नये. कलकत्त्याचा तो निकाल जुना असला, तरी एकत्र कोठे राहावे हे कागदाने सक्तीचे होत नाही एवढी गोष्ट आजही खरी आहे.

तिसरे कलम असे, की फारकत झाल्यास कोणी कोणाकडे पोटगी मागू नये. वरवर ते समानतेचे दिसते. मुलगी म्हणालीही, ‘मी कमावते आहे, मला कशाला लागणार?’ मी तिला म्हटले, ‘आज कमावतेस. दोन मुले झाली, एखादे आजारी निघाले, आणि दहा वर्षे घरी बसावे लागले तर?’ पुढे काय येणार हे ज्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, त्या दिवशी हक्क सोडून देण्यात शहाणपण नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली नागेंद्रप्पा नाटिकर विरुद्ध नीलम्मा ह्या खटल्यात स्पष्ट केले आहे की पोटगीचा हक्क सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असून तो निरर्थक होय. म्हणजे कोर्टात ते टिकत नाही, आणि घरात मात्र कायमचे बोचत राहते. असे कलम ठेवण्यात लाभ कोणाचा?

पहिले कलम, ज्याची मिळकत त्याची राहील. हे तर कायदा आधीपासूनच सांगतो. आणि कायदाच कशाला? विज्ञानेश्वराने मिताक्षरा जेथे लिहिली ते कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात बीदर जिल्ह्यात होते. त्या ग्रंथात स्त्रीधनाचे वेगळे प्रकरण आहे. ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर ती टीका आहे, ती सांगते की दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा बंदिवास अशा प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन परत न केले तरी चालेल. म्हणजे इतर वेळी ते परत केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणीच्या खटल्यात हेच आजच्या भाषेत सांगितले: सासरी पाऊल टाकल्याने स्त्रीधन सामाईक होत नाही. तेव्हा हे कलम लिहिले तर पुरावा म्हणून उपयोगी, न लिहिले तर हक्क बुडतो असे नाही.

येथे एक गोष्ट मात्र मुलीकडच्यांनी नीट समजून घ्यावी. ‘ज्याचे त्याचे’ हे सूत्र ज्याच्याजवळ काही आहे त्याला सोयीचे. आमच्या पुतणीजवळ फ्लॅट आहे, म्हणून तिला ते ठीक. जी मुलगी रिकाम्या हाताने येऊन वीस वर्षे घर सांभाळते, तिला गोव्यात निम्मे मिळते. आपल्याकडे पोटगीखेरीज फारसे हाती लागत नाही. तिच्यासाठी ‘ज्याचे त्याचे’ म्हणजे सारे त्याचेच. अशा मुलीने सहीपूर्वी दहादा विचार करावा. आणि संसारात पुढे घर घेतले तर खरेदीखतावर आपले नाव पाहूनच घ्यावे.

उरले दुसरे कलम, ज्याचे कर्ज त्याचे. ह्यावर माझा अनुभव कामी आला. नवऱ्याच्या धंद्याचे कर्ज बायकोच्या घरावर आपोआप येत नाही. ते येते बायकोच्या सहीने. बँकेत गेले की अधिकारी म्हणतो, ‘घरातलेच आहे, मिसेसची जामीन म्हणून सही घेऊ,’ आणि ती चहा पिता पिता सही करते. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, असे तोच १८७२ चा कायदा सांगतो. घर तारण दिले असेल, तर २००२ च्या कायद्यान्वये बँकेला कोर्टाची पायरी न चढताही जप्तीची कारवाई सुरू करता येते. तेव्हा विवाहपूर्व करार कितीही सुंदर लिहिला, आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी जामीनपत्रावर सही केली, तर तो करार बँकेला दाखवून उपयोग नाही. बँक त्या करारात नव्हतीच. घर वाचते ते त्या दुसऱ्या कागदावर सही न केल्याने.

ह्या कलमाखाली दोन परिशिष्टे जोडलेली होती, ‘वधूची देणी’ आणि ‘वराची देणी’. दोन्ही कोरी. मी म्हटले, आधी ही भरा. संध्याकाळी मुलगा आला आणि दोघे टेबलाशी बसली. तिने ऐकले होते पंधरा लाख. कागदावर बेचाळीस उतरले, आणि पुण्याचे त्याच्या वडिलांचे घर तारण निघाले. त्याने आजवर खोटे सांगितले होते असे नव्हे. पंधरा लाख यंत्रांसाठी त्याच्या नावाचे होते. बाकीचे भागीदारीचे खेळते भांडवल, आणि ते तो ‘कंपनीचे’ म्हणून मोजतच नव्हता. पण भागीदारीच्या १९३२ च्या कायद्याने पेढीच्या संपूर्ण देण्याला प्रत्येक भागीदार बांधलेला असतो. हे समजावून सांगितल्यावर तोही गंभीर झाला. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. वहिनींना वाटले, आता मोडलेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘काका, आकडा मोठा आहे ह्याचे वाईट वाटले नाही, विचारल्यावर कळला ह्याचे वाटले. पण विचारल्यावर त्याने लपवलाही नाही.’ तिने लग्न करावयाचे ठरविले, आणि सही करावयाचेही.

मात्र चार पानांचे एक पान झाले. पोटगीचे कलम आणि बिऱ्हाडाचे कलम काढून टाकले. राहिल्या त्या दोन याद्या, कोणाजवळ काय आहे आणि कोण किती देणे लागतो. आणि एक वाक्य, की एकमेकांच्या कर्जाला जामीन राहण्याची गळ कोणी कोणाला घालणार नाही.

आणखी एक कागद मी तिला आग्रहाने करावयास लावला, तो म्हणजे मृत्युपत्र. एकतिसाव्या वर्षी मृत्युपत्र म्हटल्यावर वहिनींनी कानांवर हात ठेवले. पण नारायणी देवीची हकिकत ऐकल्यावर त्या गप्प झाल्या. ह्या बाईंचे लग्न १९५५ साली झाले, तीन महिन्यांत पती सर्पदंशाने वारले, सासरच्यांनी घराबाहेर काढले. माहेरी शिकून त्यांनी नोकरी केली, पैसा जमविला, आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता त्या वारल्या. वारसा कोणाचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००९ साली त्यांची सारी कमाई गेली ती पतीच्या नातलगांकडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे पंधरावे कलमच तसे आहे. मूलबाळ नसताना आईबापांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी माहेरी परतते. स्वतः कमावलेली परतत नाही, आणि बक्षीसपत्राने मिळालेली हीही वारशाने आलेली नव्हे. भाऊ फ्लॅट देणार तो बक्षीसपत्रानेच. तेव्हा तो कोणाला जावा हे तिचे तिनेच लिहून ठेवले पाहिजे.

शेवटी सर्वच घरांना एक सुचवावेसे वाटते. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करावी, वस्तू, अंदाजी किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहावे, आणि तिच्यावर वधू व वर दोघांनी सह्या कराव्यात, असा हुंडाबंदी कायद्याखालील नियम २ ऑक्टोबर १९८५ पासून आहे. करारनामा करावा की नाही ह्यावर घरोघरी मतभेद राहतील. मी स्वतः तो प्रत्येकाने करावाच असे म्हणणार नाही. ही यादी मात्र करण्यास कोणाचीच हरकत नसावी, आणि तरी शंभरांत एखाद्या घरी ती होत असेल तर आश्चर्य. जुन्या यादीची पद्धत आपल्याला ठाऊकच आहे. हळदकुंकवाचे बोट लावून तीच पुन्हा सुरू करावी. ह्या वेळी सह्या मात्र ज्यांचे लग्न त्यांच्या घ्याव्यात, आणि देण्याच्या रकान्यात त्यांनी आपली खरी देणीही लिहावीत. आमच्या भावाकडे मार्गशीर्षातली तिथी कायम आहे.